हाताचे इंच करताना

जुनी सनद किंवा इनामपत्र वाचताना ‘हात’ हा शब्द आला, की आपण बहुधा १८ इंच धरून पुढे जातो. हिशेब सोपा आहे. २४ अंगुळांचा हात, १२ अंगुळांची वीत. तेव्हा अंगुळ पाऊण इंचाचे. इंचांना ४ ने गुणून ३ ने भागले की अंगुळे मिळतात. नऊवारी लुगडे याच हिशेबाने १८ हातांचे होते. कापडापुरते एवढे पुरते. जमिनीच्या कागदाला पुरत नाही.

२४ अंगुळांचा हात ‘लीलावती’त आहे, ‘अर्थशास्त्रा’तही आहे. पण कौटिल्य तेवढ्यावर थांबत नाही. कुरणे मोजायचा हात तो २८ अंगुळांचा सांगतो आणि लाकडाच्या रानासाठी ५४ अंगुळांचा. नाव एकच, मापे तीन. हात कोणाचा, याइतकाच हात कशासाठी, हाही प्रश्न होता.

शिवकालीन मोजणीची पद्धत सभासदाच्या बखरीत दिली आहे. पाच हात पाच मुठींची काठी. हात १४ तसूंचा, काठी एकंदर ८२ तसूंची. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चाहूर. मोजणी शरीराच्या नावाने असली तरी मोजणाऱ्याच्या शरीरावर सोडलेली नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. काठी आखूड झाली की त्याच शेताचे बिघे वाढतात. बिघ्यावर आकार असेल तर कुणब्याचे देणेही वाढते. म्हणून हाताला तसूंचे बंधन घातले.

आता या तसूचे इंच किती? तसू हा गजाचा चोविसावा भाग. इंग्रजी अमदानीत मुंबईचा गज २७ इंचांचा धरत. इलाही गज इंग्रजांनी ३३ इंचांचा ठरवला. पहिला घेतला तर सभासदाचा बिघा सुमारे २२ गुंठ्यांचा होतो, दुसरा घेतला तर सुमारे ३२ गुंठ्यांचा. गज बाजूला ठेवून १४ तसूंचा हातच १८ इंचांचा मानला, तर सुमारे २८ गुंठे येतात. मुंबईच्या हिशेबाने हात पावणेसोळा इंचांचा होतो, इलाहीच्या हिशेबाने सव्वाएकोणीस. हातामागे साडेतीन इंचांचा हा फरक चाहुरापर्यंत पोचतो तेव्हा सुमारे ३२ एकरांचा झालेला असतो.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांतून अजून जुने कागद निघतात. वाचकहो, त्यांचे लिप्यंतर कराल तेव्हा हात, मूठ, काठी, बिघा हे शब्द जसेच्या तसे ठेवा. इंच किंवा एकर द्यायचेच असतील तर ते कंसात द्या आणि कोणता गज धरला तेही लिहा. काठी, बिघा आणि चाहूर यांचे आपसांतले प्रमाण कागदानेच दिलेले असते. इंच मात्र आपण घातलेले असतात. पुढच्या अभ्यासकाला हे दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत.