टी-१ की अवनी? एका वाघिणीचा राजकीय इतिहास

#थ्रेड

१/ २ नोव्हेंबर २०१८. दिवाळी तोंडावर आलेली. त्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात, बोराटी गावाच्या परिसरात एक वाघीण गोळीने मारली गेली. वनविभागाच्या दप्तरी ती 'टी-१' होती, शहरांत 'अवनी'. गावकऱ्यांच्या लेखी ती फक्त 'वाघीण' होती.

२/ या प्रकरणाची मुळे जुनी आहेत. वसाहतकाळात सरकार वाघ मारणाऱ्यास बक्षीस देत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे धोरण पूर्णतः उलटवले. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि विदर्भातील मेळघाट हे त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक ठरले.

३/ कायद्याने एक वाट मात्र खुली ठेवली. कलम ११ नुसार, वाघ मानवी जीवितास धोकादायक ठरला असेल आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. पुढचा सारा वाद या 'तरच'भोवती फिरला.

४/ पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. टी-१ चा वावर त्याच्या बाहेर होता: कपाशीची शेते, झुडपी जंगल, गुरे चारण्याच्या जागा. २०१६ ते ऑगस्ट २०१८ या काळातील १३ माणसांचे मृत्यू तिच्या नावावर नोंदले गेले. शेतात जाणे आणि गुरे राखणे हेच जीवघेणे ठरले.

५/ सप्टेंबर २०१८ मध्ये वनविभागाने आदेश काढला: आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न, तो फसल्यास गोळी. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यात हस्तक्षेप केला नाही. ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही नाही.

६/ शोधमोहिमेत कॅमेरे, हत्ती, प्रशिक्षित कुत्रे, एवढेच काय, अत्तरही वापरले गेले. नेमणूक नवाब शफात अली खान यांची होती. गोळी झाडली ती त्यांचे पुत्र असगर अली यांनी. वाघीण अंगावर आल्याने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे त्यांचे म्हणणे होते.

७/ मग राजकारण पेटले, तेही एकाच पक्षात. केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी याला हत्या म्हटले आणि राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांना हटवण्याची मागणी केली. मुनगंटीवारांनी कुपोषणबळींचा दाखला देत त्यांच्याच राजीनाम्याचा विषय काढला. दोघेही भाजपचे. शहरांत निषेध मोर्चे निघाले. गावांत फटाके फुटले.

८/ राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने मोहिमेत नियमभंग झाल्याचा निष्कर्ष काढला. वाघिणीच्या दोन बछड्यांपैकी मादीला डिसेंबरमध्ये पकडून पेंचला नेण्यात आले.

९/ 'अवनी' देशभर पोहोचली. १३ मृतांची नावे मात्र त्यांच्या गावांपलीकडे फारशी गेली नाहीत. वाघिणीसाठी न्याय मागणे चूक नव्हते आणि गावकऱ्यांचे भयही खोटे नव्हते. कलम ११ या दोहोंची दखल घेते. दोन मंत्र्यांच्या भांडणात मात्र मूळ प्रश्न बाजूला पडला: वाघ वाचवण्याचा निर्णय साऱ्या देशाचा असेल, तर त्याची किंमत एकट्या बोराटीने का मोजावी?