टोप्यांच्या इमारतीतलं गाणं

१ ऑगस्ट १९२७, सोमवार. तुम्ही ब्रिस्टलच्या स्टेट स्ट्रीटवर आहात. रस्त्याची एक बाजू टेनेसीत, दुसरी व्हर्जिनियात. टेनेसीच्या बाजूला पूर्वी टोप्यांची कंपनी होती, त्या इमारतीचा जिना चढा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घोंगड्या टांगल्या आहेत. ऐन उन्हाळ्यात! मधोमध मायक्रोफोन, पलीकडे मेणाची जाड तबकडी. व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीअर डोंगराळ भागातले गायक शोधत इथे येऊन बसलाय.

संध्याकाळी कार्टर मंडळी येतात. ए. पी. कार्टरने धाकट्या भावाची गाडी मागून आणलीय, बदल्यात त्याचा मका खुरपून द्यायच्या बोलीवर. सोबत बायको सारा, कडेवरचं मूल आणि भावजय मेबेल. मेबेल अठरा वर्षांची, आठवा महिना लागलेला. सारा गाऊ लागते आणि तुमची नजर मेबेलच्या उजव्या हातावर खिळते. अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर गाण्याची चाल वाजवतोय, बोटं वरच्या तारांवर ठेका धरताहेत. एकाच गिटारीवर दोघांचं काम. पुढे कितीतरी गिटारवादक हेच गिरवणार आहेत.

तीन दिवस थांबा. गुरुवारी जिमी रॉजर्स एकटाच येतो, कारण रेकॉर्डवर नाव कुणाचं यावरून साथीदारांशी आदल्या रात्री बिनसलंय. रेल्वेतला माजी ब्रेकमन, क्षयाने पोखरलेला, पण गाता गाता आवाज असा काही वरच्या पट्टीत उडवतो की पीअर कान टवकारतो. रुळांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांची गाणी त्याने लहानपणापासून ऐकलीत. त्यांच्याच ब्लूज या गायनप्रकारावर तो नाव कमावणार आणि १९३३ मध्ये पस्तिसाव्या वर्षी जाणार.

या आठवड्याला कंट्री संगीताचा जन्म म्हणतात. मला ते पटत नाही. अटलांटाच्या फिडलिन जॉन कार्सनची रेकॉर्ड १९२३ मध्येच निघाली होती. बँजो तर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांतून घडलेला. कार्टर मंडळी येण्याच्या चारच दिवस आधी याच खोलीत एल वॉटसन हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक जॉन्सन बंधू या गोऱ्या जोडीबरोबर वाजवून गेला. कंपन्यांनी मात्र गोऱ्यांची यादी वेगळी केली, काळ्यांची वेगळी. खरेदी-विक्रीची ही सोय पुढे इतिहास म्हणून खपली.

आता थोडं पुढे सरका. पीअरला प्रकाशनहक्क मिळतील अशी गाणी हवीत, म्हणून ए. पी. दारोदार जुनी गाणी गोळा करत फिरतोय. बरोबर लेस्ली रिडल, एक पाय गमावलेला कृष्णवर्णीय गिटारवादक. ए. पी. शब्द उतरवून घेतो, रिडल चाल लक्षात ठेवतो. मेबेलही त्याच्याकडून गिटार शिकते. रेकॉर्डींवर नाव येतं ते कार्टर कुटुंबाचं. १९६० च्या दशकात लोकसंगीतकार माइक सीगरने रिडलला शोधून काढलं, त्याचा आवाज टेपवर घेतला. त्याचा अल्बम निघाला १९९३ मध्ये. तोवर रिडल हयात नव्हता.