कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील शिकारी कुत्रा

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले दोन तालुके असून, त्यांच्या पूर्वेस भीमाशंकरपासून खंडाळ्यापर्यंतची घाटाची भिंत आणि पश्चिमेस माथेरानची रांग उभी आहे. या डोंगरांच्या अंगाखांद्यावर ठाकर आणि कातकरी या आदिवासी समाजांच्या वाड्या आहेत. त्या वाड्यांवर माणसांबरोबर वावरणारा, अंगाने लहान, ताठ कानांचा आणि आखूड केसांचा गावठी कुत्रा हा या प्रदेशातील शिकारीच्या इतिहासाचा दुर्लक्षित भाग आहे. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत असल्याने येथील समाजांची जुनी वर्णने कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरपेक्षा ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

जगाच्या काही भागांत प्रामुख्याने खारीच्या शिकारीसाठी कुत्र्यांच्या स्वतंत्र जाती घडल्या. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ राज्यांत ‘फाइस्ट’ नावाचा छोटा कुत्रा खारीला झाडावर चढवून बुंध्याशी भुंकत उभा राहतो आणि मालक बंदूक घेऊन येईपर्यंत जागा सोडत नाही. रशियाच्या उत्तरेकडील ‘लायका’ कुत्रे हेच काम फरच्या व्यापारासाठी करीत आले. सह्याद्रीच्या पायथ्याशी झाडे आणि खारी यांची वाण नसताना अशी जात का घडली नाही, याचे उत्तर कुत्र्यात नसून खारीत आहे. अमेरिकेतील करडी खार सुमारे अर्धा किलो भरते आणि रशियातील खारीच्या कातड्याला बाजारभाव असतो. उलट कोकणातील पट्टेवाली खार जेमतेम शंभर ग्रॅमची, तिच्या कातड्याला गिऱ्हाईक नाही, आणि तिच्यासाठी म्हणून कुत्रा पोसणे कोणत्याही गरीब घराला परवडणारे नाही. दुसरीकडे शेकरू, म्हणजे दीड ते दोन किलो वजनाची तांबूस मोठी खार, जमिनीवर क्वचितच उतरते, फांद्यांवरून फांद्यांवर लांब झेपा घेते आणि धोका दिसताच फांदीला चिकटून निश्चल पडून राहते, त्यामुळे दाट रानात खालून धावणारा कुत्रा तिचे फारसे काही बिघडवू शकत नाही. एक खार फार लहान आणि दुसरी फार उंचावर, म्हणून येथे खारीचा कुत्रा न घडता मिळेल त्या सावजामागे धावणारा कुत्रा घडला.

कातकऱ्यांचे नाव ज्या काताच्या धंद्यावरून पडले तो कात खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, अर्क आटवून तयार करीत असत. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची हद्द आखली गेली, तसा खैरावरील त्यांचा हक्क आक्रसला आणि समाजाचा मोठा भाग कोळसा पाडणे, मोलमजुरी आणि पुढे वीटभट्ट्या यांकडे ढकलला गेला. जमीन जवळजवळ नसल्याने ससा, घूस, उंदीर, खार, मासे, खेकडे आणि रानकंद यांना त्यांच्या आहारात चवीपुरते नव्हे, तर पोट भरण्यापुरते स्थान होते. रामाने खारीच्या पाठीवरून बोटे फिरवली ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते आणि तिच्यामुळे अनेक शेतकरी खारीला हात लावीत नाहीत. कातकरी तर आपली उत्पत्तीच रामाच्या सैन्यातील वानरांपासून सांगत, अशी गॅझेटियरची नोंद आहे. रामकथेशी इतके जवळचे नाते असूनही त्यांच्या ताटात खार येत असे, कारण ताटात काय पडते हे कथेपेक्षा सातबाऱ्यावर अधिक ठरते.

कुत्र्याचे खरे काम भातकापणीनंतर सुरू होई. खाचरांच्या बांधांत उंदरांची बिळे असतात आणि त्यांत उंदरांनी साठवलेल्या भाताच्या लोंब्याही सापडतात. त्यांतील कोणते बीळ रिकामे आणि कोणते वस्तीचे, हे कुत्रा नाकाने ठरवतो, तो जेथे थांबून माती उकरू लागतो तेथे माणसे कुदळ चालवतात, बाकीची तोंडे दगड-चिखलाने बुजवतात, आणि निसटणारा उंदीर कुत्र्याच्या जबड्यात सापडतो. खारीच्या बाबतीत कामाची वाटणी निराळी होती. झाडावर चढलेली खार नेहमी पाठलाग करणाऱ्याच्या विरुद्ध अंगाला खोडाआड सरकते. त्यामुळे कुत्रा एका बाजूने भुंकत राहिला की ती दुसऱ्या बाजूस येते, जेथे गलोल घेतलेला मुलगा आधीच उभा असतो. गलोल म्हणजे पूर्वी मातीच्या गोळ्या मारण्याचे धनुष्य आणि रबर मिळू लागल्यानंतर दुबेळक्याची बेचकी. अशा शिकारीत कुत्र्याने पकडण्यापेक्षा भुंकणे महत्त्वाचे, आणि वेळेवर गप्प बसणे त्याहूनही महत्त्वाचे असते.

येथे पैदास या शब्दाचा नेहमीचा अर्थ लागू पडत नाही, कारण मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांची जोडी माणूस ठरवीत नाही. त्याच्या हाती असते ती निवड. नाचणीच्या भाकरीचा तुकडा, तांदळाची पेज आणि शिकारीतील आतडी कोणत्या पिल्लाला द्यायची, एवढाच तो निर्णय असतो. शिकवणही वेगळी नसते; पिल्लू मोठ्या कुत्र्यामागे रानात जाते आणि माग काढणे, म्हणजे वासावरून सावजाचा रस्ता धरणे, त्याच्याकडूनच उचलते. लहान अंगाला रानात मोल होते, कारण करवंदीच्या जाळीतून आणि कारवीच्या दाट काठ्यांमधून उंच पायांचा कुत्रा वेगाने जाऊ शकत नाही. दख्खनच्या उघड्या माळावर सशामागे धावणारा कारवानी कुत्रा डोळ्यांवर आणि वेगावर विसंबतो, त्याला कर्जतचे रान मानवले नसते. शिवाय वाडीवरच्या कुत्र्यावर रात्री बिबट्याची नजर असते, आणि या हिशेबात बुजरेपणालाही गुण मानावे लागते.

१९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील शिकारीवर बंधने कायम ठेवली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर शिकारीच्या व्याख्येत सावज हाकणे आणि त्याचा पाठलाग करणे यांचाही समावेश केला, त्यामुळे कुत्र्याचे बरेचसे काम गुन्ह्यात मोडू लागले. ठाणे, पुणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या सीमेवरील भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये प्रामुख्याने शेकरूसाठी घोषित झाले, आणि त्यात कर्जत तालुक्याचा डोंगराळ भागही येतो. शेकरू आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. रस्ते आणि तोड यांमुळे जेथे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडत नाहीत, तेथे त्याला जमिनीवरून जावे लागते आणि जो कुत्रा पूर्वी त्याला पोहोचू शकत नव्हता, तो आता धोका ठरतो. हा दोष कुत्र्याचा कमी आणि रान तोडणाऱ्यांचा अधिक आहे.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२० मध्ये राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ या तीन कुत्र्यांची देशी जाती म्हणून नोंद केली. ठराविक उंची, रंग आणि वंशावळ यांच्या चौकटीत वाडीवरचा कुत्रा बसत नाही, कारण त्याची पारख दिसण्यावर कधी झालीच नव्हती. ती कामावर होत असे, आणि ते काम आता बहुतांशी कायद्याने बंद आहे.