सुजलेला दंड

लसीकरणाच्या दुसऱ्या दिवशी गटातल्या एखादीचा निरोप येतोच, "बाळाची मांडी सुजली, अंग तापलंय, आता पुढचा डोस नको." सासूबाई दुजोरा देतात. आम्ही त्यांना हसत नाही. ही भीती दोनशे वर्षांची आहे आणि ती उगाच आलेली नाही.

मुंबईत देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. त्या काळी लस साठवायला आजच्यासारखी थंड पेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावरचा फोड आठव्या दिवशी भरला की त्यातला द्रव घेऊन दुसऱ्या मुलाला टोचायचे. म्हणजे दंड लाल होणं, फोड येणं हीच लस लागल्याची खूण. आईच्या बाजूनं बघा. आठवडाभर किरकिरणारं मूल, आणि टोचणारा त्याच दुखऱ्या फोडाला हात लावायला दारात उभा! आया मुलं लपवत, यात नवल ते काय.

पुढे १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लस शोधायला वाल्डेमार हाफकिन आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली जेमतेम जागा, एक कारकून आणि तीन शिपाई. बोकडाच्या मांसाच्या रश्श्यात ते जंतू वाढवत. वर तुपाचे थेंब सोडले की त्यांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. (रश्श्यावरच्या तवंगाकडे आपण कधी असं पाहिलं होतं का?) मग ते जंतू उष्णतेनं मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर लोकांना देत त्यापेक्षा कितीतरी मोठी मात्रा. ताप चढला, टोचलेली जागा दुखली, आणि मग सगळं ओसरलं. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना टोचली.

आता अडचण अशी, की प्लेगची ओळखच मुळी गाठ आणि ताप. काखेत, जांघेत गाठ आली की घरात रडारड. अशा दिवसांत लस घेऊन दंड सुजला, अंग तापलं, तर माणसानं काय समजायचं? त्यात पुण्यात सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला प्लेगनंच गेल्या. सरकारचा धाक आणि सरकारची सुई लोकांना एकच वाटली. आमच्या मते घोटाळा तिथं झाला. सूज येईल, ती किती दिवस राहील, हे दाराशी बसून सांगणारं ओळखीचं माणूस नव्हतं.

आणि सुईनं कधी घात केलाच नाही असंही नाही. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. दोष हाफकिनवर आला, तो पुसायला काही वर्षं गेली. म्हणून साधी सूज आणि खरा धोका यातला फरक कळायला हवा.

मांडीच्या सुईनंतरची सूज, कणकण एकदोन दिवसांत उतरते. गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं ठेवा, अंगावर पाजत राहा, तापाचं औषध नर्सताईंनी सांगितलं तेवढंच द्या. चोळू नका, हळद-चुना लावू नका. बीसीजीचं वेगळं आहे. दंडावर फोड काही आठवड्यांनी येतो, फुटतो, वण राहतो. त्याला काहीच लावायचं नाही. मात्र ताप उतरेना, सूज वाढत चालली, मूल रडायचं थांबेना, झटका आला किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा. टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच बसवतात ते याचसाठी.

बऱ्याच जणींची खरी अडचण वेगळीच असते. रात्रभर मूल रडलं की सकाळची मजुरी बुडते. म्हणून आमच्या गटानं ठरवलंय, लसीकरणाच्या दुसऱ्या दिवशी ज्यांना कामावर जावंच लागतं त्यांच्या बाळाजवळ आळीपाळीनं एकजण बसायचं. पाळी वहीत लिहिलेली असते, बचतीच्या हिशेबाच्या मागच्या पानावर.