पूर्वापार

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यात तुडील नावाचे गाव आहे, ते माझे. ह्या गावात लहानपणी मी जो शब्द सर्वांत अधिक ऐकला तो ‘पूर्वापार’ हा. शेताचा बांध पूर्वापार, पायवाट पूर्वापार, पालखीचा मान पूर्वापार. कोणी कोणाच्या घरी ओटीपर्यंत यायचे आणि कोणी अंगणातच थांबायचे, तेही पूर्वापार. दिवाळीच्या सुमारास भाते कापून खळ्यावर येत. मग आजी टपोऱ्या, भरल्या लोंब्या तेवढ्या निवडून वेगळ्या बांधून ठेवी. ते पुढल्या सालचे बियाणे. एकदा मी तिला विचारले,

“आजी, हे बी केव्हापासूनचे?”

“पूर्वापारचे.”

“पण पूर्वापार म्हणजे केव्हापासून?”

उत्तरादाखल पाठीत एक हलकासा धपाटा मिळाला. आजीचा काही दोष नव्हता. तिन्हीसांजेला कामाच्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत. पण पुढे पुस्तके वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, गेली दोन-अडीचशे वर्षे निरनिराळ्या शास्त्रांतली मोठमोठी माणसे हाच प्रश्न विचारीत आली आहेत. ‘हे असेच होते’ ह्यावर त्यांचे समाधान होत नाही. ‘हे असे कशातून झाले?’ असे ते विचारतात. ह्यालाच आपण उत्क्रांतीची दृष्टी म्हणतो.

उत्क्रांती म्हटले की डार्विन आठवतो, आणि डार्विन म्हटले की माकड. त्या माकडाने फार घोटाळा केला आहे. १८५९ साली निघालेल्या डार्विनच्या ग्रंथाचे पहिले प्रकरण माकडाविषयी नाहीच. ते आहे पाळीव कबुतरे, गुरे आणि पिके ह्यांविषयी. माणूस पिढ्यान्‌पिढ्या हवे ते बी राखतो, नको ते टाकतो, आणि त्यातून नवी जात उभी राहते, हे तो तेथे दाखवितो. म्हणजे आजीचेच काम! आमच्या कोकणच्या खार जमिनीत काळा राता, भुरा राता अशी भाते होत. खाडीचे पाणी शेतात शिरले तरी तग धरणारी. त्यांची निवड अर्धी शेतकऱ्याने केली आणि अर्धी खाऱ्या पाण्याने. जे रोप खारात जळले त्याचे बी पुढे गेले नाही, इतकी ती साधी गोष्ट आहे.

मौज अशी की, हा विचार प्राणिशास्त्रात उपजून तेथून इतरत्र पसरला असे नाही. तो बऱ्याच अंशी बाहेरूनच तेथे आला. लोकसंख्या आणि अन्न ह्यांचा मेळ बसत नाही, हे माल्थसने १७९८ साली अर्थशास्त्राच्या अंगाने लिहिले. डार्विनने ते १८३८ साली वाचले आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. वंशवृक्षाची कल्पना तर भाषेच्या अभ्यासकांजवळ आधीच होती. १७८६ साली कलकत्त्यास सर विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या एका मूळच्या बहिणी असाव्यात असे प्रतिपादन केले होते. ते मूळ कदाचित आज उरलेले नसेल, असेही तो म्हणाला. पुढे श्लायशर नावाच्या जर्मन पंडिताने भाषांचे झाडच काढून दाखविले, आणि १८७१ च्या ग्रंथात खुद्द डार्विनने भाषा व प्राणिजाती ह्यांच्या घडणीतले साम्य मोठ्या आवडीने नोंदविले. शास्त्रांच्या ह्या घरोब्यात कोणी कोणाचे किती देणे लागतो, ह्याचा हिशेब अवघड आहे.

ह्या दृष्टीने आपल्या मराठीवर मोठे उपकार केले. आधी संस्कृत ती शुद्ध आणि मराठी ती बिघडलेली, असा समज होता. ‘अपभ्रंश’ ह्या शब्दातच तो आहे. वंशवृक्ष मांडल्यावर बिघडण्याचा प्रश्नच उरला नाही. हस्त, मग हत्थ, मग हात. दुग्ध, मग दुद्ध, मग दूध. सप्त, मग सत्त, मग सात. ही मोडतोड नव्हे, ही नियमाने झालेली वाढ आहे. झ्यूल ब्लॉक ह्या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर १९२० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. वि. का. राजवाड्यांनी तर त्याआधीच, १९०९ साली, ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे व्याकरण लिहिले होते. राजवाडे आपल्याच जिल्ह्यातले, पेणजवळच्या वरसईचे. एका शब्दाच्या शेपटीला धरून ते हजारो वर्षे मागे जात. कधी कधी शेपटी हातात राहून शब्द निसटे, हेही खरे. पण १९२३ च्या सुमारास त्यांनी विवाहसंस्थासुद्धा पायरीपायरीने घडत आली असे लिहायला घेतले, तेव्हा उठलेला गहजब शब्दांच्या व्युत्पत्तीवरून नव्हता. लग्न हे पूर्वापार नाही, हे ऐकायची लोकांची तयारी नव्हती.

मात्र माणसाच्या व्यवहारातले झाड रानातल्या झाडासारखे सरळ वाढत नाही. त्याला कलमे होतात. मराठीत फारसीची जमीन आली, पोर्तुगीजांचा पगार आला आणि बटाटाही आला. आज आपल्यापुढे असलेल्या चिवड्याच्या ताटलीकडे पाहा. पोहे आपले जुने. पण शेंगदाणा आणि मिरची ह्या दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या. पोर्तुगीज येण्यापूर्वी ह्या देशात मिरची नव्हती. शिवाजीमहाराजांच्या पणज्याच्या स्वयंपाकघरात तिखटाला मिरे असणार! आजीला हे सांगितले असते तर दुसरा धपाटा ठरलेला.

ह्या कलमांचा सर्वांत सुरेख दाखला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात मिळतो. तेथे १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. देशभरातून १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुखटणकरांची पद्धत समजायला सोपी आहे. नकलकार नक्कल करताना चूक करतो. पुढचा नकलकार ती चूकही इमानाने उतरवितो. तेव्हा दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली, तर त्या दोघी एका आईच्या लेकी समजाव्यात. अशा रीतीने चुकांवरून पोथ्यांची घराणी लागतात. काश्मीरच्या शारदा लिपीतले घराणे त्यांतले विशेष भरवशाचे ठरले. नाकाच्या ठेवणीवरून नाते ओळखणाऱ्या आपल्या आत्याबाई दुसरे काय करतात?

पण १९३३ साली आदिपर्व प्रसिद्ध करताना सुखटणकरांनी प्रांजळपणे सांगून टाकले की, ह्या झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या आहेत. आपले पंडित एका पोथीची नक्कल करताना शेजारी दुसरी ठेवीत आणि चांगला वाटेल तो पाठ घेत. एकदा आलेला श्लोक गाळायचे धारिष्ट सहसा कोणी करीत नसे. त्यामुळे महाभारत वाढतच गेले. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही आपल्या लाडक्या गणरायाची कथा सगळ्या घराण्यांत नाही, म्हणून ती मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. ज्यांना वाईट वाटेल त्यांना वाटो. परिशिष्टात ती आहे, तिला कोणी फेकून दिलेली नाही. १९४३ साली सुखटणकर वारले. काम पुढे इतरांनी तडीस नेले.

पोथ्यांवर हे प्रयोग चालले तोवर फारसे कोणाचे बिघडत नाही. प्रश्न माणसांचा आला की प्रकरण चिघळते. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले ह्यांनी लोकांची नाके मोजली, आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत मांडला. तो शास्त्राच्या वेषात आल्यामुळे पुष्कळांना आवडला. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी १९३२ साली तीच मापे पुन्हा तपासून दाखविले की, उत्तर हिंदुस्थानचा एक भाग सोडला तर हे गणित जमत नाही. पुढे इरावती कर्वे ह्यांनी महाराष्ट्रात हिंडून हजारो माणसांची मापे घेतली. एकाच नावाचे, एकाच धंद्याचे कुंभार. पण त्यांच्या पोटजाती एका मुळातून फुटलेल्या दिसेनात. वेगवेगळे गट शेजारी येऊन बसले असावेत, असे त्या १९६१ च्या पुस्तकात म्हणतात. १९८३ साली माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा ह्यांनी आणखी एक निराळी बाजू पुढे आणली. एकाच मुलुखात हिंडणारे फासेपारधी फाशांनी हरणे व पाखरे धरीत, नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने घोरपड, डुक्कर मारीत, आणि वैदू सापळ्यांत लहान जनावरे पकडीत. एका रानातले निरनिराळे प्राणी जसे भक्ष्य वाटून घेतात, तशी ही वाटणी. निरीक्षण उत्तम आहे. पण असे काही वाचले की एक धोका उभा राहतो. वाचणारा चटकन म्हणतो, “पाहा! जात टिकली, म्हणजे तिच्यात काही शहाणपण असलेच पाहिजे.” ‘लायक असेल तो टिकतो’ हे स्पेन्सरचे १८६४ चे सूत्र अर्धवट पाठ केल्याचा हा परिणाम.

हा गुंता ज्यांनी सोडविला त्यांचे नाते आमच्या महाडशी आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी हिंदुस्थानातील जातींची घडण, उगम आणि वाढ ह्यांवर निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे : जात म्हणजे गटाबाहेर लग्न न करण्याची भिंत. एका वर्गाने प्रथम स्वतःला असे कोंडून घेतले, आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे ती भिंत राखण्याचे उपाय. आणि मनूविषयी? जात मनूने निर्माण केली नाही. ती त्याच्या आधीची आहे, त्याने फक्त चालू रीत सूत्रबद्ध केली.

असे लिहिणाऱ्याच माणसाच्या पुढाकाराखाली अकरा वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृती जाळण्यात आली. मला पूर्वी ह्यात विसंगती वाटे. ती नाही. एखादी गोष्ट कशी घडली हे समजून घेणे वेगळे, आणि ती राहावी की न राहावी हे ठरविणे वेगळे. १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण तेथे न झालेल्या भाषणात त्यांनी हे सरळच मांडले आहे : समाज टिकला एवढ्याने तो लायक ठरत नाही, तो कोणत्या पातळीवर जगला हे विचारा.

हा प्रश्न विचारण्याचा वारसा आमच्या खाडीपट्ट्याला त्याच्याही आधीचा आहे. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झाल्यावर १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ घेऊन पुढे आले. त्याची मांडणीच वरिष्ठ हिंदूंना विचारलेल्या सव्वीस प्रश्नांची आहे. तुडीलहून रावढळ दूर नाही. तरी शाळेत असताना आम्हांला हे नाव कोणी सांगितले नाही.

आणि चवदार तळे. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेने तो १९२४ साली मानला, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर तळ्यातून घागरी उपसून, पंचगव्य ओतून त्याची ‘शुद्धी’ झाली; नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला; आणि डिसेंबरात सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे एकच होते : तळ्यावर अस्पृश्यांनी यायचे नाही ही वहिवाट पूर्वापार आहे.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अखेर फेटाळला. पूर्वापार म्हणजे केव्हापासून, हे वादींना सिद्ध करता आले नाही, हे त्याचे कारण. स्मरणातीत काळापासूनची वहिवाट म्हणून जो पुरावा लागतो तो त्यांच्यापाशी नव्हता. मग अशी वहिवाट न्याय्य आहे की नाही ह्या दुसऱ्या प्रश्नात शिरण्याची गरजच न्यायालयाला पडली नाही. त्याचे उत्तर २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या सतराव्या कलमात आहे. त्या कलमात अस्पृश्यता नष्ट केल्याचे लिहिले आहे. ती किती जुनी, ह्याविषयी एक अक्षरही नाही.