उंच मनोरे आणि रानातली मालमोटार

रेडिओचा इतिहास सांगताना आपण बहुधा आवाजांचा इतिहास सांगतो. बातम्या कोण देत असे, गाणी कोणाची लागत, हे आपल्या स्मरणात राहते. तो आवाज ज्या जागेवरून निघाला, ती जागा मात्र विस्मृतीत जाते. वस्तुतः नभोवाणीची सारी मदार त्या जागेवर असते. स्टुडिओ शहराच्या मध्यभागी एखाद्या इमारतीत थाटता येतो. प्रक्षेपकाच्या मनोऱ्याला मात्र मोकळे मैदान, ओल धरणारी जमीन आणि विजेचा भरवशाचा पुरवठा लागतो. त्याहूनही अधिक लागते ती राज्यकर्त्यांची परवानगी. म्हणूनच मनोरा कोणी उभारावा, हा प्रश्न तंत्राचा तितकाच सत्तेचाही असतो. आपल्या किनारपट्टीने या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे पाहिली आहेत.

पहिले उत्तर वरळीचे. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले. स्टुडिओ अपोलो बंदराजवळ होता आणि प्रक्षेपक वरळीला. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॉट. त्याचा आवाज सुमारे ४८ किलोमीटरपर्यंत नीट ऐकू यावा, अशी अपेक्षा होती. नकाशावर वरळीभोवती तेवढे वर्तुळ काढले, तर वसईचा किल्ला त्याच्या आत येतो, कारण सरळ रेषेत हे अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. मध्यम लहरी दिवसा भूपृष्ठालगत प्रवास करतात. खडकाळ, कोरड्या जमिनीवर त्या लवकर क्षीण होतात. खाऱ्या पाण्यावरून मात्र दूरवर जातात. वरळी आणि वसई यांच्यामध्ये समुद्र, खाड्या आणि मिठागरे पसरलेली. ज्या पाण्याने आपल्या वाडवडिलांची गलबते मुंबईला नेली, तेच पाणी मुंबईचा आवाज इकडे आणण्यास अनुकूल होते.

ती कंपनी तीन वर्षेही टिकली नाही. १९३० मध्ये ती बुडाली, तेव्हा सरकारने केंद्र आपल्याकडे घेतले आणि ८ जून १९३६ रोजी त्या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. दरम्यान १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला होता. मनोरा सरकारचा आणि कायदाही सरकारचा, अशी पक्की व्यवस्था झाली.

दुसरे उत्तर १९४२ मध्ये मुंबईनेच दिले. ‘छोडो भारत’ची घोषणा झाली, नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले. अशा वेळी २७ ऑगस्ट रोजी उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेली गुप्त काँग्रेस नभोवाणी ४२.३४ मीटरवर बोलू लागली. तिला मनोरा उभारणे शक्यच नव्हते. जिथे मनोरा, तिथे पोलीस! म्हणून प्रक्षेपक एका घरातून दुसऱ्या घरात हलवला जाई. पोलिसांच्या गाड्या दिशाशोधक यंत्रे घेऊन शहरभर माग काढीत होत्या. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रक्षेपण चालू असतानाच छापा पडला. जेमतेम अडीच महिन्यांचे हे आयुष्य. दाट वस्तीच्या शहरात आवाज लपवता येतो, पण फार काळ नाही, हा त्यातला धडा.

तिसरे उत्तर रानातले आहे, आणि त्याचा धागा आपल्या दाराशी सुरू होतो. तलासरीच्या पलीकडे नगर हवेलीची हद्द लागते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली. तेव्हा पोर्तुगिजांकडून हस्तगत झालेल्या साहित्यात बिनतारी संचही होते. पुढच्याच वर्षी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने गोव्याशी आर्थिक व्यवहार तोडले, आणि गोव्यातील माणसाला बाहेरची खरी बातमी कळण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला. तेथील सरकारकडे ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र होते. मुक्तिवाद्यांजवळ काय होते? नगर हवेलीत मिळालेले ते संच! त्यांतूनच प्रक्षेपक तयार करण्यात आला. शत्रूचे यंत्र शत्रूच्याच भाषेत बोलू लागले.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी ‘व्होझ द लिबर्दाद’, म्हणजे ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’, सुरू झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे त्याचे प्रमुख आधारस्तंभ; आरंभी निकोलाव मिनेझिस हेही सोबत होते. लिबियाबाई मूळच्या गोव्याच्या. मुंबईत आकाशवाणीत नोकरी करून त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते. प्रक्षेपक एका मालमोटारीत बसवलेला होता आणि ती मालमोटार उभी होती सावंतवाडीवरच्या आंबोलीच्या रानात.

ही जागा का निवडली असावी, हे भूगोल पाहिला की कळते. दुबळ्या प्रक्षेपकाला श्रोत्याच्या जवळ जावे लागते. आंबोली सह्याद्रीच्या कड्यावर आहे, गोव्याची सीमा तेथून दूर नाही, आणि रान इतके दाट की मालमोटार सहज दडावी. पण त्याच आंबोलीत महाराष्ट्रातला सर्वांत मुसळधार म्हणावा असा पाऊस कोसळतो. ओल हा विजेच्या यंत्रांचा वैरी. जळवा, साप आणि श्वापदे यांच्या सोबतीने त्या दोघांनी तेथे दिवस काढले. पुढे हे ठाणे कॅसल रॉकला हलले. मुरगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे भारतीय हद्दीतले ते अखेरचे स्थानक. रोज सकाळी तासभर कोकणी व पोर्तुगीज भाषांतून प्रक्षेपण होई: जगाच्या बातम्या, आशिया-आफ्रिकेतील देशांच्या स्वातंत्र्याच्या वार्ता आणि सालाझार सरकारच्या प्रचाराला उत्तर. हे व्रत सहा वर्षे चालले.

१९६१ च्या डिसेंबरात दोन्ही प्रकारच्या जागांचा हिशेब लागला. १८ डिसेंबरच्या सकाळी भारतीय वायुदलाच्या ६ हंटर विमानांनी बांबोळीचे पोर्तुगीज बिनतारी केंद्र निकामी केले. डोळ्यांत भरणारे ठाणे डोळ्यांत भरते म्हणूनच पडले. रानातला आवाज मात्र शेवटपर्यंत बोलत राहिला. गव्हर्नर जनरलने शरण यावे, हे आवाहनही त्याच्यावरून झाले. १९ डिसेंबरला पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. मग लिबियाबाई आणि वामनराव विमानात बसले. विमानाला ध्वनिक्षेपक लावला होता, आणि गोवा मुक्त झाल्याची वार्ता त्यांनी आकाशातून सांगितली. मनोरा ज्यांना कधीच मिळाला नाही, त्यांना त्या दिवशी मनोऱ्याहून उंच जागा मिळाली. पुढे १९६४ मध्ये ते विवाहबद्ध झाले. वामन सरदेसाई यांना १९९२ मध्ये आणि लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये ‘पद्मश्री’ लाभली.

वाचकहो, या कथेशी वसईच्या ख्रिस्ती माणसाचे नाते केवळ नगर हवेलीच्या संचांपुरते नाही. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे आपला प्रांत पोर्तुगीज अमलाखाली होता. त्या काळाने आपल्याला आडनावे दिली, आणि ती आडनावे ऐकून आपल्या निष्ठेविषयी शंका घेणारी माणसे अधूनमधून भेटतात. सालाझारचे सरकारही निराळ्या हेतूने तेच म्हणत होते: श्रद्धा आणि साम्राज्य एकच आहे. लोबो आणि मिनेझिस ही नावे धारण करणारी माणसे आंबोलीच्या चिखलात उभी राहून पोर्तुगीज भाषेतच त्याला नकार देत होती. याहून स्पष्ट उत्तर कोणते असू शकेल?

पावसाळ्यात आपली कुटुंबे आंबोलीचा धबधबा पाहायला जातात, पुढे गोव्याला उतरतात. वाटेत क्षणभर थांबून मुलांना दाट रानाकडे बोट दाखवावे आणि सांगावे की एके काळी येथे एक नभोवाणी केंद्र होते. त्याला मनोरा नव्हता. मुले विचारतील, मग आवाज जाई कसा? तेव्हा मालमोटारीची ही गोष्ट सांगावी.