मंचावरचे तास

११ फेब्रुवारी १९६३ रोजी सकाळी दहा वाजता बीटल्सची चौकडी लंडनच्या ॲबे रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत शिरली आणि रात्री पावणेअकराच्या सुमाराला मोकळी झाली. तेवढ्यात दहा गाणी ध्वनिमुद्रित झाली होती. आधीच्या दोन सिंगल्सवरची चार त्यांना जोडली आणि ‘प्लीज प्लीज मी’ हा पहिला अल्बम तयार! जॉन लेननला त्या दिवशी सर्दी होती, म्हणून घसा फाडून म्हणायचं ‘ट्विस्ट अँड शाउट’ सगळ्यात शेवटी ठेवलं. दूध आणि घशाच्या गोळ्या यांच्या जोरावर त्याने ते एका दमात म्हटलं. दुसऱ्या खेपेला आवाजच उरला नव्हता. अल्बमवर ऐकू येते ती पहिलीच खेप.

ही घाई नव्हती, तेव्हाची समजच तशी होती. निर्माता जॉर्ज मार्टिन दोन महिन्यांपूर्वी लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात त्यांना ऐकून आला होता. तिथला कार्यक्रमच टेपवर घ्यावा असं त्याच्या मनात होतं. पण विटांच्या कमानींच्या त्या तळघरात आवाज घुमायचा, तेव्हा तो बेत सुटला. मग तोच कार्यक्रम स्टुडिओत वाजवून घेतला. दोन ट्रॅकची टेप. वाद्यं एका ट्रॅकवर, गळे दुसऱ्यावर. रेकॉर्ड म्हणजे मंचावर जे घडतं त्याची नोंद, एवढाच अर्थ.

मंचावरचं हे गाणं घडलं जर्मनीत. ऑगस्ट १९६०मध्ये ही पोरं हाम्बुर्गच्या एका क्लबात वाजवायला लागली. त्याचं नाव चक्क ‘इंद्रा’, आणि पाटीवर हत्ती! रोज रात्री साडेचार तास, शनिवारी सहा. मालक ‘माख शाउ’ म्हणून ओरडायचा. म्हणजे नुसतं वाजवू नका, काहीतरी करून दाखवा. एवढा वेळ भरायचा तर गाणी ताणावी लागत आणि दुसऱ्यांची ढीगभर पाठ करावी लागत. ‘ट्विस्ट अँड शाउट’सुद्धा त्यांचं स्वतःचं नव्हेच. पुढे कॅव्हर्नमध्ये दुपारच्या सुट्टीत आलेल्या पोरांपुढे वाजवताना हीच शिदोरी कामाला आली.

मग नाव झालं आणि कार्यक्रम आखडले. इंग्लंडमधल्या दौऱ्यांत एका रात्री पाचसहा मंडळी असत, प्रत्येकाला थोडा थोडा वेळ. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५,००० वर प्रेक्षक आले आणि वादन झालं जेमतेम अर्धा तास. गाणी स्टेडियमच्या घोषणा करायच्या भोंग्यांतून बाहेर पडत होती. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून मंचावर आज स्पीकर असतात, ते तेव्हा नव्हते. किंकाळ्यांत काही ऐकू न आल्यामुळे ड्रमवरचा रिंगो स्टार पुढच्यांच्या हलणाऱ्या पाठी बघून ठेका धरायचा. सहा तासांचा अर्धा तास झाला, तोही बहिऱ्यांचा.

उरलेले तास स्टुडिओत गेले. एप्रिल १९६६मध्ये ‘टुमॉरो नेव्हर नोज’ करताना टेपचे तुकडे गोल जोडून, उलटसुलट फिरवून आवाज काढले. ते मंचावर वाजवायचे तरी कसे? ऑगस्टमध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ बाजारात आला आणि त्याच महिन्यात ते अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. पण नव्या अल्बममधलं एकही गाणं त्यांनी तिथे वाजवलं नाही. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांचा दौऱ्यावरचा शेवटचा कार्यक्रम झाला. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. पॉल मॅकार्टनीच्या सांगण्यावरून प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या टोनी बॅरोने तो कॅसेटवर टिपला, पण शेवटचं गाणं संपायच्या आत कॅसेटची बाजू संपली. माझ्या मते ही त्यांच्या दौऱ्यांची सगळ्यात प्रामाणिक रेकॉर्ड. नोव्हेंबरपासून ते पुन्हा ॲबे रोडवर, आणि या खेपेला एप्रिल १९६७पर्यंत.

गंमत अशी की पुढे वर्षभराच्या आतच, जानेवारी १९६८मध्ये, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत बसला होता. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे वादक समोर, आणि आवाजांचं मिश्रण तिथल्या तिथे, वाजवता वाजवताच. भिंतींना आवाज अडत नव्हता. खालची कचेरी साडेपाचला सुटली की जिन्यावरच्या पावलांमुळे रेकॉर्डिंग थांबवावं लागे. कान देऊन ऐकलं तर टेपवर रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, असं हॅरिसनच सांगायचा.